जर्मनी सोडून गावी परतताना: आरोग्य विमा, दाखले आणि त्यांचा क्रम

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून सातारा-सांगलीकडे ‘जर्मनीला कसे जायचे’ हे सांगणारे पैशाला पासरी झाले आहेत. परत कसे यायचे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. करार संपला, आई-वडिलांची तब्येत बिघडली, मुलांना इकडच्या शाळेत घालायचे ठरले किंवा तासगावची द्राक्षबाग बघायला घरात कोणी उरले नाही, अशा कारणांनी दर वर्षी लोक परततात. निघायच्या धांदलीत सामान बांधले जाते आणि कागद राहून जातात. त्यातला आरोग्य विम्याचा कागद राहिला तर त्याची किंमत हजारो युरोंत मोजावी लागते.

यातले कुठलेच काम अवघड नाही. चुकतो तो क्रम. एक कागद हातात आल्याशिवाय दुसरा मिळत नाही आणि काही कामांची खिडकी जेमतेम तीन आठवडे उघडी असते.

आधी चार तारखा कागदावर मांडा

नोकरीचा शेवटचा दिवस, घर सोडण्याचा दिवस, विमानाचा दिवस आणि भारतातली आरोग्य पॉलिसी सुरू होण्याचा दिवस, या चार तारखा एकाखाली एक लिहा. दोन तारखांमध्ये जिथे फट दिसेल तिथे विम्याचा किंवा पैशाचा प्रश्न उभा राहणार, असे समजा.

घराची नोटीस तीन महिन्यांची असते. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पत्र घरमालकाच्या हाती पडले तरच तो महिना धरला जातो. म्हणजे ३१ मार्चला घर सोडायचे तर जानेवारीच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पत्र पोचायला हवे. हे पत्र कागदावर, शाईच्या सहीचे लागते. ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेली नोटीस कायद्याने धरत नाहीत, मग मालक कितीही गोड बोलत असो.

नोकरीचा शेवटचा दिवस आणि विमान यांत शक्यतो अंतर ठेवू नका. उरलेली रजा शेवटच्या दिवसांत घातली तर नोकरी कागदावर चालू राहते आणि तिच्याबरोबर विमाही. नोकरी ३१ मार्चला संपवून ‘जरा युरोप फिरून’ मे महिन्यात परतण्याचा बेत असेल तर मधल्या काळाच्या विम्याचा खर्च त्या सहलीत धरा. त्याचा हिशेब पुढे येतो.

आबमेल्डुंग: ज्याच्यावर बाकी सगळे अडते

जर्मनीत राहायला आल्यावर जशी पत्त्याची नोंद केली, तशीच निघताना ती काढावी लागते. याला आबमेल्डुंग म्हणतात. हे काम बुर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात होते. घर सोडण्याच्या तारखेआधी फार तर एक आठवडा आणि नंतर दोन आठवडे, एवढीच त्याची मुदत. महिनाभर आधी गेलात तर परत पाठवतील.

लागते काय? प्रत्येकाचा पासपोर्ट आणि भरलेला फॉर्म. आत येताना लागलेले घरमालकाचे पत्र बाहेर जाताना लागत नाही. बऱ्याच शहरांत हे काम टपालाने किंवा ईमेलनेही होते. मोठ्या शहरांत भेटीची वेळ मिळायला आठवडे जातात, म्हणून तारीख आधीच घेऊन ठेवा आणि ती त्या तीन आठवड्यांच्या खिडकीत बसते ना, हे पाहा.

फॉर्ममध्ये नवा पत्ता विचारतात. तिथे ‘मु. पो., ता., जि.’ची आपली पद्धत रस्ता आणि घर क्रमांकाच्या चौकटीत बसत नाही. रस्त्याच्या जागी गावाचे किंवा वाडीचे नाव आणि असल्यास घर क्रमांक किंवा गट क्रमांक लिहा, शहराच्या जागी तालुका लिहा आणि पिनकोड विसरू नका. कसाही लिहा, पण विमा कंपनी, बँक, करखाते आणि पेन्शन कार्यालय यांना अक्षर न अक्षर तोच पत्ता द्या. एका कागदावर ‘कवठे महांकाळ’ जोडून आणि दुसऱ्यावर तोडून असले तरी तिकडचा कारकून अडतो.

काम झाल्यावर शिक्क्याचा दाखला मिळतो, त्याला आबमेल्डेबेस्टेटिगुंग म्हणतात. त्याचे दोन्ही बाजूंनी स्कॅन करा आणि मूळ प्रत हातातल्या पिशवीत ठेवा. विमा, रेडिओ-टीव्ही शुल्क, विद्यार्थ्यांचे ब्लॉक्ड अकाउंट, पेन्शन, सगळीकडे हाच कागद मागतात. घाईत न करता निघालात तरी भारतातून टपालाने अर्ज पाठवता येतो, पण दाखला येईपर्यंत बाकीची कामे ताटकळतात.

घरातली माणसे वेगवेगळ्या वेळी परतणार असतील तर प्रत्येकाची आबमेल्डुंग त्याच्या तारखेने करा. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, म्हणून पत्नी आणि मुले मे महिन्यात पुढे येतात आणि नवरा दिवाळीपर्यंत मागे राहतो, असे बऱ्याच घरांत होते. तेव्हा पुढे गेलेल्यांची माहिती विमा कंपनीला आणि बालभत्ता देणाऱ्या फामिलिएनकासेला लगेच द्या. भत्ता खात्यात येत राहिला म्हणून तो आपला होत नाही. मूल देशाबाहेर गेल्यानंतरचा प्रत्येक महिना नंतर वसूल होतो. जोडीदार भारतात राहायला गेला की पुढच्या वर्षापासून नवऱ्याचा करवर्गही बदलतो आणि हातात येणारा पगार कमी होतो, हेही हिशेबात धरा.

निवास परवान्याचेही इथेच सांगून टाकतो. सर्वसाधारण परवाना सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिल्यास संपतो, ब्लू कार्डला (उच्चशिक्षित नोकरदारांच्या परवान्याला) ही मुदत बारा महिन्यांची आहे. पण ती तात्पुरते बाहेर जाणाऱ्यांसाठी. कायमचे जातो म्हणून देश सोडला तर परवाना त्याच दिवशी संपतो. परतीचा विचार डोक्यात असेल, तर विशेषतः कायम वास्तव्याचा परवाना असणाऱ्याने, निघण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून जास्त मुदत लेखी मागावी. नंतर मागून मिळत नाही.

क्रांकेनकासे: आपोआप बंद होत नाही

सर्वांत जास्त पैसे इथेच जातात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

बहुतेकांचा समज असा की विम्याचा हप्ता पगारातून कापला जात होता, म्हणजे नोकरी संपली की विमाही संपला. नोकरी देणारी कंपनी क्रांकेनकासेला (सरकारी आरोग्य विमा संस्थेला, थोडक्यात कासेला) एवढेच कळवते की अमुक तारखेला नोकरी संपली. तुम्ही देश सोडला हे ती कळवत नाही. जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाला आरोग्य विमा सक्तीचा आहे आणि २०१३ पासूनच्या नियमानुसार नोकरीचा विमा संपला की दुसऱ्या विम्याचा किंवा देश सोडल्याचा पुरावा मिळेपर्यंत सदस्यत्व ‘ऐच्छिक’ म्हणून पुढे चालू राहते. नाव ऐच्छिक, पण तुम्हाला कोणी विचारलेले नसते.

पुढे काय होते ते पाहा. कासे जुन्या पत्त्यावर उत्पन्नाची माहिती मागणारा फॉर्म पाठवते. टपालपेटीवरचे तुमचे नाव काढलेले असते आणि जर्मनीत टपाल पेटीवरच्या नावावरून पडते, त्यामुळे पत्र परत जाते. उत्तर नाही म्हटल्यावर तुमचे उत्पन्न कमाल मर्यादेइतके धरले जाते. २०२५ मध्ये ही मर्यादा महिना ५,५१२.५० युरो होती. त्यावर आरोग्य आणि शुश्रूषा विमा मिळून हप्ता महिना हजार-अकराशे युरोंच्या घरात जातो. न भरल्यास दर महिन्याला एक टक्का विलंब आकार चढतो आणि नंतर वसुली सीमाशुल्क खात्याकडे जाते. हो, आरोग्य विम्याची थकबाकी तिकडे कस्टमवाले वसूल करतात. दोन वर्षांनी नवी नोकरी धरून पुन्हा गेलात की पहिल्या महिन्यातच ही जुनी पाटी समोर येते.

हे टाळायला एक पत्र पुरते. कासेच्या अ‍ॅपमधून किंवा ईमेलने पाठवा, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. त्यात एवढे हवे: पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, विमा क्रमांक (कार्डावर असतो, एक अक्षर आणि नऊ अंक), नोकरी संपल्याची तारीख, देश सोडण्याची तारीख, भारतातला पत्ता, ईमेल आणि सोबत आबमेल्डुंगचा दाखला. कुटुंबातले जे सदस्य तुमच्या विम्यावर मोफत होते त्यांची नावे वेगळी लिहा. दाखला अजून हातात नसेल तर आधी विमानाचे तिकीट जोडा आणि दाखला मागाहून पाठवा. शेवटच्या ओळीत दोन गोष्टी मागा: सदस्यत्व कोणत्या तारखेला संपले याची लेखी पुष्टी आणि विमा किती काळ होता याचे प्रमाणपत्र. पुष्टी आल्याशिवाय काम झाले असे मानू नका. फोनवर ‘आलेस क्लार’ (सगळे ठीक) म्हणाले, याला कागदावर काही किंमत नाही.

ज्यांचा पगार जास्त असल्याने ते आधीच ऐच्छिक सदस्य होते, त्यांनी हे पत्र सदस्यत्व रद्द करण्याची मागणी म्हणून लिहावे आणि निघण्याच्या दोन महिने आधी पाठवावे. विद्यार्थ्यांनी विद्यापीठातून नाव काढल्याचा कागदही जोडावा.

मधल्या फटीचे काय? सक्तीचा विमा संपल्यावर दुसरी नोकरी नसेल तर जुन्या कासेकडून जास्तीत जास्त एक महिना उपचार मिळू शकतात. नोकरी ३१ मार्चला संपली आणि विमान १२ एप्रिलला असेल तर बहुधा यात भागते, पण आपल्या बाबतीत हे लागू आहे का, हे त्याच ईमेलमध्ये विचारून लेखी घ्या. महिन्याहून जास्त राहणार असाल तर ऐच्छिक हप्ता भरावा लागतो. उत्पन्न नाही असे कळवले तर २०२५ च्या दराने तो अडीचशे युरोंच्या आसपास येतो. न कळवल्यास वरचा हजाराचा आकडा लागतो.

बिल आधीच आले असेल तर घाबरून भरू नका आणि दुर्लक्षही करू नका. आबमेल्डुंगचा दाखला आणि पासपोर्टवर भारतात आल्याचा शिक्का असलेले पान जोडून हप्ता रद्द करण्याची मागणी करा. देश सोडल्याच्या तारखेपासून मागे जाऊन सदस्यत्व बंद करता येते. बिलावर हरकतीची मुदत साधारणतः दिलेली असते, ती पाळा.

खासगी विमा असणाऱ्यांचे गणित वेगळे. युरोपाबाहेर कायमचे राहायला गेल्यावर तो करार संपतो, पण कंपनीला पुरावा द्यावाच लागतो. परत जाण्याची खरोखर शक्यता असेल तर ‘आनवार्टशाफ्ट’ नावाची सोय विचारा. थोडा हप्ता भरून जागा राखता येते. लहान प्रकारात तुमची आजची तब्येत धरून ठेवली जाते, मोठ्या प्रकारात प्रवेशाचे वयही. ‘बघू कधीतरी’ एवढ्यावर मात्र हे पैसे घालू नयेत.

विमा कार्डाची मागची बाजू युरोपभर चालते. मुदत छापलेली आहे म्हणून सदस्यत्व संपल्यावर प्रवासात ते वापरू नका. खर्च तुमच्याकडूनच वसूल होतो.

विमा चालू असतानाच उरकायच्या गोष्टी

दाताचे अर्धवट काम, चष्म्याचा नंबर, राहिलेल्या तपासण्या आधी संपवा. मग प्रत्येक डॉक्टरकडून आपल्या फाइलची प्रत मागा. हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे आणि पहिली प्रत मोफत मिळते. एक्स-रे, एमआरआय सीडीवर घ्या, पण रिपोर्टचा कागद वेगळा मागा, कारण सीडी इकडे प्रत्येक ठिकाणी उघडेलच असे नाही. २०२५ पासून सरकारी कासेच्या सदस्यांची इलेक्ट्रॉनिक फाइल तयार होते. ती अ‍ॅपमधून उतरवून घ्या, सदस्यत्व संपल्यावर अ‍ॅपचे दार बंद होते.

नेहमीची औषधे असतील तर डॉक्टरांकडून एक पत्र घ्या. त्यात निदान, मात्रा आणि औषधातल्या मूळ घटकाचे नाव हवे. जर्मन ब्रँडचे नाव मिरजेतल्या डॉक्टरांना किंवा कराडच्या औषध दुकानदाराला काही सांगणार नाही, घटकाचे नाव लगेच कळेल. तीन महिन्यांचा साठा मूळ वेष्टनात आणा आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवा. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते.

मुलांचे पिवळे तपासणी-पुस्तक आणि लसीकरणाचे पुस्तक दोन्ही सांभाळा. आपल्याकडे जन्मतः दिली जाणारी बीसीजी तिकडे १९९८ पासून शिफारशीत नाही, त्यामुळे तिथे जन्मलेल्या मुलाला ती बहुधा मिळालेली नसते. इकडच्या बालरोगतज्ज्ञांना ही पुस्तके पहिल्याच भेटीत दाखवा म्हणजे राहिलेल्या लसी ठरवता येतील.

भारतातली पॉलिसी विमानात बसण्याआधी

‘गावी गेल्यावर बघू’ ही सर्वांत महाग सवय. जर्मनीत दहा वर्षे हप्ता भरला असला तरी भारतीय कंपनीसाठी तुम्ही नवे ग्राहक असता. प्रतीक्षा काळाची सवलत एका भारतीय कंपनीकडून दुसरीकडे नेता येते, परदेशातून आणता येत नाही.

नव्या वैयक्तिक पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून कुठल्याही आजाराचा खर्च मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा बदल अशा ठरावीक आजारांना बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. आधीपासूनच्या आजारांना, म्हणजे मधुमेह, रक्तदाब वगैरेंना, जास्तीत जास्त तीन वर्षे. २०२४ मध्ये नियामक संस्था आयआरडीएआयने ही कमाल मर्यादा चारवरून तीन वर्षांवर आणली. हे घड्याळ पॉलिसीच्या पहिल्या दिवसापासून चालू होते, म्हणून ते जर्मनीत असतानाच चालू करावे. अनिवासी भारतीयाला भारतीय पॉलिसी घेता येते आणि हप्ता एनआरई किंवा एनआरओ या अनिवासींच्या खात्यातून भरता येतो. वैद्यकीय तपासणी भारतातच होते, म्हणून आधीच्या सुटीत आलात की ती उरकून घ्या. निदान निघण्याच्या दीड महिना आधी पॉलिसी सुरू झालेली असावी, म्हणजे ३० दिवस तिकडचा विमा चालू असतानाच निघून जातात.

जमले नाही तर? प्रवासाच्या दिवसासाठी आणि पुढच्या महिन्यासाठी हातात रोख तरतूद ठेवा. पुण्यात नवी नोकरी धरून येत असाल तर कंपनीची सामूहिक पॉलिसी बहुधा पहिल्या दिवसापासून, जुन्या आजारांसह लागू होते. तरीही स्वतःची वेगळी घ्या, कारण कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर संपते. पत्नी गरोदर असेल तर नवी वैयक्तिक पॉलिसी त्या बाळंतपणाला उपयोगी पडत नाही, तो खर्च स्वतःचा धरा.

अर्ज भरताना लपवाछपवी करू नका. जर्मनीत कळलेला मधुमेह इकडे कोणाला कळणार, हा विचार दावा येईपर्यंतच टिकतो. रुग्णालयात दाखल होताना डॉक्टर ‘किती वर्षांपासून?’ विचारतात, नातेवाईक खरे सांगतात आणि ते केसपेपरवर लिहिले जाते. सलग ६० महिने पूर्ण होईपर्यंत माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकते. जर्मन अहवालांचे इंग्रजी सारांश अर्जासोबत जोडलेले बरे.

सातारा-सांगलीच्या माणसाने पॉलिसीत तीन गोष्टी नीट वाचाव्यात. पहिली म्हणजे झोन. काही कंपन्या लहान शहरांच्या पत्त्यावर हप्ता कमी घेतात, पण पुण्या-मुंबईत उपचार घेतल्यास बिलाचा ठरावीक टक्का तुमच्याकडून भरून घेतात. साताऱ्याहून मोठे दुखणे पुण्यालाच जाते, हे आपल्याला माहीत आहे. तेव्हा हप्त्यात वाचलेले दोन-तीन हजार एकदा रुग्णालयात दाखल झालात की निघून जातात. अशी अट नसलेली किंवा वरच्या झोनची पॉलिसी घ्या.

दुसरी, खोलीभाड्याची मर्यादा. पाच लाखांच्या पॉलिसीत रोज एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये मर्यादा असेल आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर फक्त जास्तीचे तीन हजार तुमच्या माथी येत नाहीत. डॉक्टर, शस्त्रक्रिया, शुश्रूषा असे खोलीशी जोडलेले सगळे खर्च पाच-अष्टमांश धरले जातात. असे खर्च दोन लाख असतील तर मिळतात सव्वा लाख. खोलीची मर्यादा नसलेली पॉलिसी घेणे हाच उपाय.

तिसरी, जवळची रुग्णालये. मिरजेत, सांगलीत, कराडमध्ये कंपनीच्या यादीतले कोणते रुग्णालय आहे ते नावानिशी तपासा, यादीच्या आकड्यावर जाऊ नका. २०२४ पासून यादीबाहेरही कॅशलेस मागता येते, पण ठरवून दाखल व्हायचे तर ४८ तास आधी कळवावे लागते आणि रुग्णालय तयार असावे लागते. रक्कम म्हणाल तर कुटुंबाला दहा लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेपुढचे बिल भरणारी जोड पॉलिसी) हे आजच्या बिलांकडे पाहता रास्त वाटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटी नाही. पॉलिसी हातात आल्यावर पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते.

आई-वडिलांसाठी खासगी पॉलिसी महाग पडत असेल तर सरकारी योजना विसरू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, यादीतल्या उपचारांसाठी, संरक्षण आहे. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. फुले योजनेसाठी आधार आणि शिधापत्रिकेवरची नावे जुळली पाहिजेत, वय वंदना कार्डाला आधार पुरते. परतल्यावर तुमचे नाव शिधापत्रिकेवर पुन्हा लावायचे काम तहसील कार्यालयात असते, ते पहिल्याच महिन्यात उरकून टाका.

खाती, शुल्के, कर

रेडिओ-टीव्ही शुल्क महिना १८.३६ युरो आहे आणि ते आबमेल्डुंगने आपोआप थांबत नाही. त्यांच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करून दाखला जोडावा लागतो. वीज, इंटरनेट, मोबाइल, जिम, दायित्व विमा, ज्याची त्याची नोटीस वेगळी. वीज मीटरचे आकडे घर सोडताना फोटोसह टिपून ठेवा.

बँक खाते सर्वांत शेवटी बंद करा. घराची अनामत तीन-सहा महिन्यांनी येते आणि पाणी-हीटिंगचा वार्षिक हिशेब करायला मालकाला वर्षभर मुदत असते. शेवटचा पगार, करपरतावा, विम्याचा हिशेब, सगळे त्याच खात्यात येणार. बँकेला भारतातला पत्ता कळवून खाते चालू ठेवता येते आणि अनिवासी असताना उघडलेले परदेशी खाते परतल्यावर बाळगायला आपल्या फेमा या परकीय चलन कायद्यातही मोकळीक आहे. मात्र तुम्ही पुढे ‘सामान्य निवासी’ झालात की आयकर विवरणात ते परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवावे लागते. सलग सात-आठ वर्षे बाहेर राहिलेल्यांना ही वेळ साधारण दोन वर्षांनी येते. एनआरई आणि एनआरओ खाती मात्र परतल्यावर लगेच निवासी करून घ्यायची असतात. ‘कोण विचारतंय’ म्हणून तशीच ठेवू नका.

ज्या वर्षी मध्येच परत याल त्या वर्षाचे जर्मन करविवरण जरूर भरा. पगारातून कर पूर्ण वर्षाच्या हिशेबाने कापलेला असतो, त्यामुळे बऱ्याचदा चांगली रक्कम परत मिळते. भारतात सुरू झालेले उत्पन्न त्यात दाखवावे लागते, ते दर ठरवताना धरले जाते. अकरा आकडी करक्रमांक आणि कंपनीचे वार्षिक वेतन प्रमाणपत्र जपून ठेवा. टपाल घेण्यासाठी जर्मनीतल्या विश्वासू मित्राचे नाव करखात्याला कळवता येते. नोटीस गावाच्या पोस्टात हरवण्यापेक्षा ते बरे.

मुलांचे आणि शिक्षणाचे दाखले

इथे एक गफलत नेहमी होते. भारत २००५ मध्ये अपोस्टिल (दाखला परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का) करारात सामील झाला खरा, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली, त्यामुळे या दोन देशांत तो करार लागू नाही. जर्मन दाखल्यावर अपोस्टिल मारून आणले की भारतात चालेल, असे गृहीत धरू नका. जन्म, विवाह, पदवी यांचे दाखले तिथल्या प्राधिकरणाकडून प्रमाणित करून मग आपल्या विभागातल्या भारतीय वाणिज्य दूतावासाचा शिक्का तिथे असतानाच घ्या. जन्मदाखला मागताना बहुभाषिक नमुना मागा, भाषांतराचा खर्च वाचतो. मूल तिथे जन्मले असेल तर त्याची नोंद भारतीय दूतावासात वर्षाच्या आत झालेली असावी, नागरिकत्वाचा पुरावा तोच.

पेन्शनचे पैसे, दोन वर्षांनी

पगाराच्या ९.३ टक्के रक्कम तुमच्याकडून पेन्शन विम्यात जाते, तेवढीच कंपनी भरते. भारत आणि जर्मनीतला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. तुमचे ६० महिन्यांपेक्षा कमी योगदान असेल आणि तुम्ही युरोपाबाहेर राहत असाल, तर सक्तीचा विमा संपून २४ महिने झाल्यावर स्वतःचा वाटा परत मागता येतो. कंपनीचा वाटा मिळत नाही, व्याजही नाही. महिना ४,००० युरो पगारावर तीन वर्षे काम केले असेल तर ही रक्कम १३,३९२ युरो होते, म्हणजे सोडून देण्यासारखी नाही. ६० महिने पूर्ण झाले असतील तर परतावा नाही, निवृत्तीच्या वयात पेन्शन मिळते आणि ती भारतात येते. एकदा परतावा घेतला की त्या काळाचे सगळे हक्क संपतात, म्हणून पुन्हा जर्मनीला जायचा विचार असेल तर घाई करू नका. भारतीय कंपनीने भविष्य निर्वाह निधीचे प्रमाणपत्र देऊन पाठवलेल्यांचे तिथे योगदान कापलेले नसते, त्यांना मागण्यासारखे काही नसते.

निघण्याआधी पेन्शन कार्यालयाकडून आपल्या विम्याचा इतिहास मागवून महिने मोजा. तिथे बाळंतपण झालेल्या आईच्या खात्यात मुलाच्या संगोपनाचे महिनेही जमा होऊ शकतात आणि ६० चा आकडा त्यामुळे अनपेक्षितपणे ओलांडला जातो.

अर्ज व्ही ०९०१ या फॉर्मवर, भारतातून करता येतो. पैसे अडतात ते दोन कारणांनी. एक म्हणजे नाव. जर्मन नोंदीत आपले आणि वडिलांचे नाव मिळून ‘पहिले नाव’ झालेले असते, बँकेत मात्र फक्त आद्याक्षर असते. अर्ज करण्याआधी बँक खात्यावरचे नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. दुसरे, खाते. जिल्हा बँकेचे किंवा पतसंस्थेचे खाते देऊ नका. परदेशातून रक्कम यायला स्विफ्ट कोड लागतो, आयएफएससी चालत नाही. तालुक्याच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नसेल तर त्याच बँकेच्या परकीय चलन शाखेचा मागून घ्या. या दोन वर्षांत पासपोर्ट नवा झाला असेल तर जुन्याचीही प्रत जोडा, कारण जर्मन व्हिसा आणि परतल्याचा शिक्का त्याच पुस्तकात आहेत. पारपत्र कार्यालयाने कोपरा कापून परत दिलेला तो जुना पासपोर्ट फेकून देऊ नका.